पहिल्या पानावरचा माणूस

"ताई, तुमच्या पुस्तकात पहिल्या पानावर माणूस मरतंय, आन् मग शेवटापतूर त्याच्याकडं कुणी बघायलाच येत न्हाई."

घाटावरच्या मावशी हे बोलल्या ती आषाढातली संध्याकाळ होती. कृष्णेला नुकतं नवं पाणी आलं होतं, लाल, जड, काटक्या आणि उसाची पाचट घेऊन येणारं. पायऱ्यांवर ओल्या मातीचा वास भरून राहिला होता. मावशींचे मालक नावाडी होते. सांगलीच्या या पट्ट्यात नदीत कुणी सापडलं की पोलीस आधी त्यांच्या दारात यायचे. ते जाऊन बरीच वर्षं झाली, नाव आता मुलगा चालवतो. कॉलेजात जाणाऱ्या नातीनं माझी एक कादंबरी वाचनालयातून आणली होती आणि रात्री जेवणं झाल्यावर आजीला मोठ्यानं वाचून दाखवली होती. गोष्ट आवडली, असं मावशी म्हणाल्या. खुनी कोण ते निम्म्यातच ओळखलं, हेही सांगितलं, आणि कशावरून ओळखलं तेही. मग ओच्यातले फुटाणे माझ्या हातावर ठेवता ठेवता त्यांनी ते वाक्य उच्चारलं. सुरात तक्रार नव्हती. नदीकडं बघत त्या पुढं म्हणाल्या, "आमचं मालक बाहेर काढल्यावर आधी त्याचं तोंड पुसायचं. त्यासाठी टावेल येगळा ठेवलेला. पोलीस घाई करायचं, तरी पुसायचं."

त्या टॉवेलनं माझी पुढची कादंबरी बदलली.

"नवीन काय चाललंय?" असं विचारणाऱ्या सगळ्यांसाठी हे लिहिते आहे. पितृपंधरवडा सुरू आहे. गल्लीत सकाळी कुणाच्या ना कुणाच्या घरातून वड्यांचा आणि आमसुलाच्या चटणीचा वास येतो, गच्चीच्या कठड्यावर पान ठेवलं जातं आणि घरातली मंडळी कावळ्याची वाट बघत आत-बाहेर करत राहतात. मराठीत लिहिणाऱ्या माणसाचा वर्षातला सगळ्यात अस्वस्थ पंधरवडाही हाच असावा. दिवाळी अंकांचा मजकूर गेलेला असतो आणि अंक हातात आलेला नसतो. काशिनाथ रघुनाथ मित्रांनी 1909 साली 'मनोरंजन'चा दिवाळी अंक काढला, तेव्हापासून आपल्याकडे लिहिणाऱ्यांचे ऋतू असेच पुढे-मागे झालेले आहेत. दिव्यांच्या उजेडात वाचायची गोष्ट वैशाखाच्या उकाड्यात सुचावी लागते आणि हाताला सादळलेला कागद लागत असताना ती संपवावी लागते. मला हे आवडतं. संपादकांचा फोन अक्षय्य तृतीयेच्या आसपास येतो, "यंदा काय देताय?" असं ते विचारतात, आणि मी अजून मनाशीही न ठरवलेल्या गोष्टीचं नाव त्यांना सांगून टाकते. यंदाच्या दीर्घकथेत मिरज जंक्शन आहे. ब्रॉडगेज, मीटरगेज आणि नॅरोगेज या तिन्ही गाड्या मिरजेत भेटायच्या त्या काळातली ही कथा. मध्यरात्री गाडी बदलताना एका बाईच्या हातात चुकून दुसऱ्याची पिशवी येते, एवढंच आत्ता सांगते. अंक आला की वाचा.

आता कादंबरीबद्दल. तिचं नाव 'इशारा पातळी'. चोर गणपती बसले त्या दिवशी ती प्रकाशकांकडे गेली. सांगलीबाहेरच्यांसाठी सांगते, आमच्या गणपती मंदिरात चतुर्थीच्या आधीच कसलाही गाजावाजा न करता गणपती येऊन बसतात, त्यांना चोर गणपती म्हणतात. रहस्यकथा लिहिणाऱ्या बाईला याहून चांगला मुहूर्त कुठला? कादंबरीत प्रकरणांना नावं नाहीत, आकडे आहेत. ते आयर्विन पुलाखालच्या पाण्याचे, फुटांत. सांगलीकराला हे आकडे शिकवावे लागत नाहीत. चाळीसला इशारा, पंचेचाळीसला धोका. पावसाळ्यात इथं कुणी "कसं काय?" असं विचारत नाही, "किती झालं?" असं विचारतात. समोरचा "एकोणतीस" म्हणतो आणि दोघांच्याही डोळ्यांपुढे पाणी कुठल्या पायरीला, कुठल्या देवळाला, कुणाच्या दाराला लागलं असेल ते उभं राहतं. गोष्ट पुढे सरकते तशी प्रकरणाच्या डोक्यावरची संख्या वाढत जाते. वाचकाला घाई करायला लावणारी एवढी तयार गोष्ट माझ्या गावात 1929 सालापासून, पूल झाला तेव्हापासून उभी होती.

कादंबरीचा नायक पोलीस नाही. पाटबंधारे खात्यातला, पातळीच्या नोंदी ठेवणारा साधा कर्मचारी आहे. पाणी सोळा फुटांवर असताना एका सकाळी त्याला नदीकाठी पंच म्हणून बोलावून नेतात.

हा माणूस मला घरातच सापडला. माझ्या वडिलांचं वखारभागात वह्या-कागदाचं दुकान होतं, पोलीस चौकीपासून हाकेच्या अंतरावर. पंचनाम्याला माणूस हवा असला की हवालदार आधी दुकानात डोकावत. "अण्णा, जरा येताय का? दहा मिनिटांचं काम आहे." अण्णा शटर अर्धं ओढून, शेजारच्याला सांगून निघत. बहुतेक वेळा चोरी असायची, मारामारी असायची, नाहीतर धाडीत पकडलेली दारू. जायचं, बघायचं, सही करायची, परत यायचं. एकदा मात्र त्यांना नदीवर नेलं. मी शाळेत होते. दुपारी गेलेले अण्णा दिवेलागणीला आले ते पुढच्या दारानं आलेच नाहीत, बोळातून मागच्या बाजूला गेले. आईनं एक शब्दही न विचारता पाणी तापत ठेवलं. मागच्या दारी त्यांच्या अंगावर पडणाऱ्या तांब्या-तांब्या पाण्याचा आवाज मी आतून ऐकत होते. आंघोळ बराच वेळ चालली. मग ते येऊन रेडिओसमोर बसले, रेडिओ न लावता. ताटातली भाकरी त्यांनी मोडली, पण खाल्ली नाही. आम्हा मुलांना कुणी काही सांगितलं नाही. दुसऱ्या दिवशी दुकान नेहमीच्या वेळी उघडलं.

समन्स आलं त्याला मध्ये किती तरी वर्षं गेली होती. मी बारावीत होते आणि रहस्यकथांनी माझं डोकं भरलेलं होतं, म्हणून हट्टानं अण्णांबरोबर कोर्टात गेले. त्यांनी इस्त्रीचा शर्ट घातला होता. बाकावर आम्ही अर्धा दिवस बसलो. भिंतीला पाठ टेकली की चुन्याचा पांढरा पट्टा उठायचा आणि अण्णा मला सारखे पुढे सरकून बसायला सांगायचे. त्या मेलेल्या माणसाचं नाव त्यांनी त्या दिवशी पहिल्यांदा ऐकलं. ज्याच्या शेजारी आपण ओल्या वाळूत तासभर उकिडवं बसलो होतो त्याचं नाव. पुकारा झाला, अण्णा उभे राहिले. सही तुमचीच का? माझीच. शर्ट कुठल्या रंगाचा होता? निळा. तुम्ही किती अंतरावर होता? जवळच. बचावाच्या वकिलांनी दोन-चार उलटे प्रश्न विचारले, अण्णा डगमगले नाहीत, आणि संपलं. घरी परतताना मंडईजवळ ते एकदम म्हणाले, "शर्टाची दुसरी गुंडी वेगळी होती. बाकीच्या पांढऱ्या, ती एकच काळी. काळ्या दोऱ्यानं नीट टाके घालून लावलेली. ते कुणी विचारलंच नाही." आणि मेथीची जुडी घ्यायला थांबले.

माझ्या त्या वयाला ती गुंडी म्हणजे धागादोरा वाटला. रात्री मी शिंप्यांचा, धोब्यांचा, सुईला चिकटलेल्या धाग्याचा तर्क लढवत जागी राहिले. पुढे लिहायला लागल्यावर अशा कितीतरी गुंड्या मी वापरल्या. तिकिटाचा अर्धा तुकडा, एका बाजूला झिजलेली चप्पल, डाव्या हातावरचं घड्याळ उजव्या हातावर. वाचकाला त्या सापडल्या की आनंद होतो आणि तो आनंद खरा असतो, त्याला मी कमी लेखणार नाही. पण मावशींनी टॉवेलचं सांगितलं त्या रात्री मला शिंपी आठवला नाही. कुठल्यातरी घरात, दिव्याजवळ बसून, हाताला लागेल तो दोरा सुईत ओवणारं कुणीतरी आठवलं. पंचनाम्यात 'निळा शर्ट' एवढंच लिहिलेलं असणार. अण्णांनी मात्र ते टाके इतकी वर्षं कुणाला न सांगता जपून ठेवले होते. त्या खटल्याचा निकाल काय लागला ते त्यांना शेवटपर्यंत कळलं नाही. पंचाला ते कळवायची रीत नाही.

म्हणून 'इशारा पातळी'त मी एक धाडस केलं आहे, ते आधीच सांगून टाकते, त्यानं गोष्ट फुटत नाही. खुनी कोण हे वाचकाला निम्म्या पुस्तकात कळतं, पाणी एकतीस फुटांवर असताना. मेलेला कोण, हे कळायला चव्वेचाळीस फुटांपर्यंत थांबावं लागतं.

नदीकाठच्या जिल्ह्यातल्या वर्तमानपत्रांच्या आतल्या पानांवर एक छोटी चौकट असते. अनोळखी पुरुष, वय अंदाजे अमुक, रंग सावळा, बांधा मध्यम, अंगात अमुक, हातावर गोंदलेलं तमुक, ओळख पटल्यास पोलीस ठाण्याशी संपर्क साधावा. बाजूला श्रद्धांजलीच्या जाहिराती असतात, हार घातलेल्या फोटोंसकट, आणि त्यांच्या शेजारी हा बिननावाचा माणूस. ठाण्यात अकस्मात मृत्यूची नोंद होते, हरवलेल्यांच्या नोंदींशी वर्णन ताडून बघतात, ठरलेल्या मुदतीपर्यंत शवागारात ठेवतात, आणि कुणीच आलं नाही तर बेवारस म्हणून अंत्यसंस्कार होतात. माझा नायक ही चौकट कापून पाकिटात ठेवतो. त्यानं सही केलेली असते. त्याच्या लेखी ती सही अजून पुरी झालेली नसते.

कायदा मला नव्यानं शिकावा लागला. 1 जुलै 2024 पासून भारतीय न्याय संहिता लागू झाली आणि मराठी वाचकाच्या तोंडात बसलेलं 'तीनशे दोन' एका रात्रीत 'एकशे तीन' झालं. कादंबरीत "तीनशे दोन लावा" म्हटलं की जी थंड शिरशिरी यायची ती 'एकशे तीन'ला यायला एक पिढी जावी लागेल. माझा वयस्क हवालदार अजून जुनेच आकडे बोलतो आणि तरुण उपनिरीक्षक मॅडम त्याला दर वेळी न चिडता दुरुस्त करतात, त्या दोघांचं नातं मी त्यातून उभं केलं आहे. पण आकड्यांपेक्षा मोठा बदल घटनास्थळी झाला आहे. नव्या नागरिक सुरक्षा संहितेनुसार सात वर्षं किंवा त्याहून जास्त शिक्षेच्या गुन्ह्यात न्यायवैद्यक तज्ज्ञांनी घटनास्थळी जायचं आहे आणि पुरावे गोळा करतानाचं चित्रीकरण करायचं आहे, झडती-जप्तीचंही चित्रीकरण करायचं आहे. मोबाइलवर त्यासाठी ई-साक्ष्य नावाचं ॲप आहे. गंभीर गुन्ह्यांत दुकानदारांऐवजी सरकारी कर्मचाऱ्यांना पंच म्हणून घ्यायचा कलही वाढला आहे, कारण चौकीशेजारचे तेच ते पंच न्यायालयांना खटकतात आणि पुढे पंच फितूर होण्याची भीती असते ती वेगळीच. मला यातून नायकाचा पेशा मिळाला. आणि एक अडचणही मिळाली. रात्रीच्या काळोखात एकटा डिटेक्टिव्ह मृतदेहाशेजारी गुडघे टेकून बसला आहे, हे रहस्यकथेतलं लाडकं दृश्य. आता तिथं माणसं आहेत, मोबाइल वर धरलेले हात आहेत, पांढरे हातमोजे आहेत. एवढ्या माणसांत त्या मेलेल्या माणसाकडे नुसतं माणूस म्हणून बघणारा एखादाच असतो. त्या दृश्याचे खर्डे मी पुन्हा पुन्हा केले, कारण गर्दीत एकटेपणा दाखवणं मला काळोखात दाखवण्यापेक्षा फार अवघड गेलं.

शेवटच्या प्रकरणात खुनी पोलिसांपुढे सगळं कबूल करतो, हा आपल्या प्रकारातला दुसरा जुना आधार. पोलिसांपुढच्या कबुलीला कोर्टात किंमत नाही, हे इंग्रजांच्या साक्षीपुराव्याच्या कायद्यातही होतं आणि आजच्या भारतीय साक्ष अधिनियमातही आहे. कबुली दंडाधिकाऱ्यांपुढे व्हावी लागते, तीही स्वखुशीनं. हे वाचकाला माहीत असो वा नसो, मला ते टाळून पुढे जाववत नाही. या कादंबरीत खुनी बोलतो, भरपूर बोलतो, आणि ते सगळं वाऱ्यावर जातं. शेवटी उपयोगी पडतं ते एका कारकुनी वृत्तीच्या माणसानं लिहून ठेवलेलं नदीच्या पाण्याचं टिपण.

नदीचं शास्त्र शिकायला मी मिरजेला गेले. न्यायवैद्यकशास्त्र शिकवणाऱ्या एका डॉक्टरांनी दुपारचा चहा थंड होईपर्यंत मला वेळ दिला. खोलीला फॉर्मलिनचा वास होता, नाकात बसणारा आणि डोळ्यांत पाणी आणणारा, आणि खिडकीबाहेर पावसात भिजणारं गुलमोहराचं झाड. नदीत सापडलेला माणूस बुडून मेला की मेल्यावर टाकला, हे कसं ओळखतात, हा माझा प्रश्न होता. त्यांनी डायटमबद्दल सांगितलं. पाण्यातले हे एकपेशीय जीव, अंगाभोवती सिलिकाचं कवच घेऊन जगणारे. जिवंत माणूस बुडताना पाणी छातीत ओढतो, हृदय चालू असतं, म्हणून ते कवचधारी जीव रक्तातून थेट हाडांच्या मज्जेपर्यंत पोचतात. मेल्यावर टाकलेल्याच्या छातीत पाणी शिरेलही, पण मज्जेपर्यंत नेणारं रक्त थांबलेलं असतं. सापडलेले जीव ताडून बघायला नदीच्या पाण्याचा नमुनाही लागतो, आणि ही चाचणी एकटीच्या बळावर सगळं ठरवत नाही, हेही त्यांनी बजावलं. मी भराभर लिहून घेत होते. मरताना माणसानं ओढलेल्या शेवटच्या श्वासात नदीचा पत्ता लिहिलेला असतो, असं काहीतरी माझ्या मनात आकार घेत होतं आणि रहस्यकथाकार म्हणून मला त्याचा हर्षही झाला होता.

निघताना सहज विचारलं, नातेवाईक तुम्हाला पहिल्यांदा काय विचारतात? मला वाटलं होतं, कुणी मारलं, कसं मारलं. डॉक्टर म्हणाले, "त्रास झाला का हो त्याला, हे विचारतात. जवळजवळ सगळे."

एसटीत बसून मी वही उघडली आणि डायटमच्या खाली हे एकच वाक्य लिहिलं. माझ्या कुठल्याही पुस्तकात हा प्रश्न कुणी विचारलेला नाही. आता विचारतात. अडतीस फुटांच्या प्रकरणात.

पुराबद्दल लिहू की नको, यावर माझी बरीच रात्रीची झोप गेली. 2019 च्या ऑगस्टमध्ये पातळी सत्तावन्न फुटांच्या वर गेली होती. ज्यांनी ते पाहिलं त्यांना पुराचं वर्णन वाचायची गरज नाही. चिखलाचा तो आंबूस वास महिना-महिना भिंतींतून गेला नव्हता. पेठेत दुकानांपुढे भिजलेल्या मालाचे ढीग होते, हळद, बेदाणा, कापड, औषधं. नगरवाचनालयात पाणी शिरलं, हजारो पुस्तकं भिजली. फुगून दारासारख्या जाड झालेल्या त्या पुस्तकांना उन्हात हात लावताना पानं एकमेकांना सोडत नव्हती. त्याच दिवसांत ब्रह्मनाळला लोकांना बाहेर काढणारी बोट उलटली. त्यानंतर मला वेगवेगळ्या लोकांनी, चांगल्या मनानं, सुचवलं की हे सगळं तुमच्या कादंबरीत येऊ द्या, केवढं थरारक होईल. मी त्यांना नाही म्हटलं आणि अजूनही नाही म्हणते. ती माणसं कुणाच्या तरी घरची आहेत, त्यांची नावं गावाला माहीत आहेत, आणि त्यांच्या मरणात कोडं नाही. कोडं जिथं नाही तिथं रहस्यकथेनं जाऊ नये, असं मला मनापासून वाटतं. 'इशारा पातळी'तला पूर कुठल्याही सालचा नाही. पंचेचाळीसला पोचायच्या आत मी पाणी उतरवलं आहे. प्रकाशकांना हे पटायला वेळ लागला. नाव 'इशारा पातळी' आणि धोक्याची पातळीच येत नाही, हे कसं? मी म्हटलं, इशाऱ्यापाशीच माणसं सगळ्यात जास्त जागी असतात. सामान वर चढवायचं की नाही, म्हातारीला पाहुण्यांकडे पोचवायचं की नाही, जनावरं सोडायची की नाही, हे सगळे निर्णय तिथंच होतात. माझी गोष्टही तिथंच घडते.

या सगळ्यात वेगाचं काय, ही भीती मला होती आणि आहे. मी रहस्यकथा सोडून दुसरंच काही लिहायला लागले आहे असं कुणी समजू नये. बाबूराव अर्नाळकरांनी हजाराहून अधिक रहस्यकथा लिहिल्या. अण्णांच्या दुकानात रद्दीला आलेल्या त्यातल्या कित्येक मी पोत्यावर बसून, दिवा लावायचं भान न राहता वाचल्या आहेत. पुढचं पान उलटल्याशिवाय राहवू नये, हे वचन या प्रकारानं वाचकाला दिलेलं आहे आणि ते मोडणाऱ्या लेखकाला कितीही थोर गोष्टी सांगायच्या असल्या तरी वाचक सोडून जातो, आणि जावाच. तेव्हा मला पळतही राहायचं होतं आणि त्या माणसाचं तोंडही पुसायचं होतं. दोन्ही एकाच वेळी कसं करावं ते एका सकाळी पुलावर उभी असताना सुटलं. पाणी फूट-फूट चढत असतं तेव्हा लोक मेलेल्या माणसासाठी थांबायला तयार नसतात, शवागाराच्या रस्त्यावर पाणी येणार असतं, ओळख पटवायची मुदत आणि नदी दोन्ही एकदम संपत येत असतात. मग त्याचं नाव शोधणं हीच धावपळ होते. हे सुचल्यावर पुढची दीडशे पानं मी क्वचितच अडखळले.

एका जागी मात्र वाद झाला. पुस्तकाच्या शेवटाकडे चार पानं अशी आहेत की त्यात काहीच घडत नाही. नाव कळलेल्या माणसाची आई येते, शवागाराच्या बाहेरच्या नळावर बादली भरली जाते, आणि नायक ती बादली उचलून आत नेतो. एवढंच. संपादकांनी समासात लिहिलं, 'गती मंदावते, वगळावे का?' त्या चांगल्या संपादक आहेत, माझी सैल वाक्यं त्यांनीच आवळली आहेत, आणि त्यांचं म्हणणं व्यवहाराला धरूनही होतं. चार पानं गेली असती तर पुस्तक पूर्ण फर्म्यांत बसत होतं, सोळा पानांचा एक फर्मा वाचत होता, किंमत थोडी खाली आली असती. अकराशे प्रतींच्या आवृत्तीत हा हिशोब लहान नसतो. मी दोन दिवस मागून घेतले. त्या चार पानांवर पुन्हा बसले, त्यातली विशेषणं काढली, पावसाचं वर्णन काढलं, आईच्या तोंडचं एक लांब वाक्य काढलं. बादली ठेवली. आता ती साडेतीन पानं आहेत आणि फर्मा वाढलाच. संपादकांनी दुसऱ्या वाचनानंतर समासातला प्रश्न स्वतःच खोडला.

मुखपृष्ठाचा पहिला नमुना आला त्यात नेहमीचा रक्ताळलेला सुरा होता. या कादंबरीत सुरा नाहीच. आता पुलाच्या खांबावरची मोजपट्टी आहे, पावसात भिजलेली, आकडे अर्धे पाण्यात. चित्रकारानं त्यासाठी मुद्दाम सांगलीला येऊन खांब पाहिले, याचं मला फार अप्रूप वाटलं. ऑडिओबुकचंही ठरतं आहे. त्याच्या नमुना-ध्वनिमुद्रणात एक नवीनच गोष्ट शिकले. छापलेल्या पानावर मी महत्त्वाची खूण लांब वाक्याच्या पोटात दडवते, वाचकाची नजर तिच्यावरून घसरून जाते. वाचणाऱ्या कलाकाराला शेवट माहीत असतो. तिथं त्याचा आवाज अगदी किंचित थबकतो, आणि कान ते सोडत नाही. म्हणून आम्ही ठरवलं आहे की त्यांनी पुस्तकाचा उत्तरार्ध न वाचताच पूर्वार्ध ध्वनिमुद्रित करायचा. त्यांना ही कल्पना इतकी आवडली की त्यांनी उरलेली संहिता सीलबंद करून मलाच परत पाठवली.

पुस्तक तुळशीच्या लग्नाच्या सुमारास येईल. प्रुफांचं शेवटचं वाचन अजून बाकी आहे, ते नवरात्रात उरकायचं आहे. पहिली प्रत मावशींच्या नातीला द्यायची आहे, कारण वाचून तीच दाखवणार, आणि या वेळी त्या खुन्याला किती फुटांवर पकडतात हे मला ऐकायचं आहे.

दिवाळीनंतर पुढच्या पुस्तकाला हात घालणार आहे. त्यातही एक पंच असेल, या वेळी बाई, गावातल्या शाळेतली शिक्षिका. त्यासाठी मला तुमची मदत हवी आहे. तुमच्यापैकी किंवा तुमच्या घरात कुणी कधी पंच म्हणून गेलं असेल, मग ते जप्तीला असो, जागेच्या पंचनाम्याला असो की अण्णांसारखं नदीवर, तर मला लिहून कळवा. गावाचं नाव नको, माणसांची नावं नकोत, गुन्हा काय होता तेही नको. सही करून घरी आल्यावर तुम्ही सगळ्यात आधी काय केलंत, तेवढं सांगा.